एका डीपीवरची घरं

मे महिन्यात नंदुरबारमध्ये रात्री साडेनऊ-दहाला लाईट गेली, की माणसं आधी ओट्यावर येतात आणि शेजारच्या गल्लीकडे बघतात. तिकडे उजेड असला तर निदान पक्कं, आपली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, गेली. तिकडेही अंधार असला तर फीडर. मग वायरमनला फोन कुणी लावायचा, फ्यूज उडाला की तेल तापलं, परवा समोरच्यांनी एसी बसवला तेव्हाच म्हटलं होतं, अशी चर्चा रंगते. या चर्चेतलं शेवटचं वाक्य खवचट असलं, तरी शास्त्राला धरून असतं.

वीज घरात येते ती ज्याच्या त्याच्या मीटरमधून. बिलं वेगळी, थकबाक्याही वेगळ्या. जाते मात्र गल्लीची मिळून. तरीही ऊर्जाबचतीचा सगळा उपदेश आपण घराला करत आलो. 14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो, त्या दिवशी शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात आणि मुलं खोलीबाहेर पडताना बटण बंद करणारा हात काढतात. चित्रात गल्ली कधी नसते, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर तर नसतोच. उपदेश खोटा नाही, पण त्याचा पत्ता अर्धवट लिहिलेला आहे.

कारण साधं आहे. तारेतून वाहणारा करंट दुप्पट झाला, की तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणजे दुपारी तीन वाजता एकट्या घरात वाचवलेलं युनिट आणि रात्री दहा वाजता गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून वाचवलेलं युनिट बिलावर सारखंच दिसतं, पण तारेच्या हिशेबात त्यांची किंमत वेगवेगळी असते. त्यात नंदुरबारचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44च्या घरात जातो, कधी त्याच्याही वर. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल भोवतालच्या हवेनेच थंड व्हायचं असतं आणि ती हवाच दिवसभर भाजून निघालेली. रात्री हवा थोडी उतरते न उतरते, तोच सगळे कूलर, पंखे आणि अलीकडे वाढलेले एसी एकदम चालू होतात.

एक हिशेब मांडून पाहू. 63 केव्हीएची एक डीपी, तिच्यावर साठ घरं, प्रत्येक घरात रात्री फिरणारे तीन पंखे. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. एका पंख्यामागे 45 वॉट म्हणजे एका घराला चिल्लर वाटेल. साठ घरांचे 180 पंखे धरले, की ही चिल्लर आठ किलोवॅट होते. रात्रीचे दहा तास धरले तर 81 युनिट, आणि उन्हाळ्याचे तीन महिने धरले तर सात हजार युनिटांच्या वर. शिवाय पूर्ण भरलेल्या त्या डीपीवरचा भार साधारण एक अष्टमांशाने उतरला, की पुढच्या तारांमधली तूट जवळजवळ पाव हिश्शाने उतरते. ही दुसरी बचत कुणाच्याच बिलात दिसत नाही. म्हणून ती कुणी करतही नाही. आणि पंखा बदलायचा कुणी? नंदुरबारमध्ये भाड्याने राहणारा शिक्षक किंवा कारकून पंखा घरमालकाचा म्हणून बदलत नाही. मालक बदलत नाही, कारण बिल भाडेकरूचं.

घर सोडून वस्तीला एकक मानण्याचा प्रकार थंड देशांनी यंत्रांच्या जोरावर दीडशे वर्षांपूर्वीच सुरू केला. 1877 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावी बर्डसिल हॉली नावाच्या माणसाने एकाच बॉयलरची वाफ जमिनीखालच्या नळांतून शेजारच्या घरांत सोडली. घरोघरी कोळशाची शेगडी पेटवण्याऐवजी गावाची मिळून एक भट्टी. डेन्मार्कने ही कल्पना सगळ्यात नेटाने राबवली. 1973च्या तेलसंकटात पोळल्यावर 1979 साली त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदाच केला आणि कुठल्या भागात नळाची उष्णता पोचवायची, कुठे गॅस, याचे नकाशे नगरपालिकांकडून करून घेतले. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरं अशा नळांवर तापतात. कोपनहेगनचा कचरा जाळणारा प्रकल्प शहराला वीज देतो, गरम पाणी देतो आणि छपरावर लोक घसरगुंडी खेळतात, तीही स्कीची.

गंमत पुढे आहे. सुरुवातीला या नळांतून वाफ जायची, नंतर शंभर अंशांच्या वरचं दाबाखालचं पाणी, मग शंभरच्या आतलं. आता नवी जाळी पन्नास-साठ अंशांवर चालवायचा प्रयत्न आहे. पाणी जितकं कमी गरम, तितकी वाटेत उष्णता कमी सांडते, आणि एखाद्या कारखान्याची किंवा डेटा सेंटरची टाकाऊ कोमट उष्णताही नळात घेता येते. अट एकच. रस्त्यावरच्या सगळ्या घरांच्या भिंती-खिडक्या आधी नीट झालेल्या हव्यात. रांगेतलं एक जुनं, फटी असलेलं घर पन्नास अंशांच्या पाण्याने तापलं नाही, तर त्याच्यापायी सगळ्या नळाचं तापमान चढवावं लागतं. म्हणजे तिकडेही शेजाऱ्याची खिडकी हा आपला प्रश्न असतो.

नंदुरबारला घरं तापवण्याची गरज नाही, ते काम सूर्य नको इतकं करतो. तोरणमाळला आणि अक्कलकुव्याच्या डाब भागात हिवाळ्यात दव गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेवढाच काय तो अपवाद. पण तिथली माणसं शेकोटीवर निभावतात. शहादा तालुक्यात दऱ्याजवळ उनपदेवला जमिनीतून आपसूक गरम पाणी येतं. फ्रान्समधल्या शोद-एग या गावाने अशाच झऱ्यांचं पाणी चौदाव्या शतकापासून घरांखालून खेळवलं. आपण त्याच्यावर देऊळ बांधलं आणि अंघोळ केली. गरज वेगळी, म्हणून वापर वेगळा. यात कमीपणा काही नाही. उलट्या बाजूचं, म्हणजे थंड पाणी नळाने फिरवून इमारती गार ठेवण्याचं जाळं शेजारच्या गुजरातेत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत चालतं. काचेच्या बुरुजांना ते परवडतं. माणिक चौकातल्या दुकानांना आणि मागच्या गल्ल्यांना कुणी ते देणार नाही, देऊही नये.

आपल्याकडे गल्ली किंवा गाव एकक धरण्याचा अनुभव आहे, पण तो फार करून शिक्षेचा. भारनियमनाच्या काळात महावितरणने वीजगळती आणि वसुलीवरून भागांचे गट पाडले होते, ए, बी, सी करत जी-3 पर्यंत. गळती जास्त, तर अंधार जास्त. नियमित बिल भरणारा माणूस आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्यांमुळे जी गटात बसून घामाघूम व्हायचा. हिशेब म्हणून ते बरोबर असेल, पण न्याय म्हणून ते कुणाच्या गळी उतरलं नाही.

त्याच काळात, 2005च्या सुमारास, याच महावितरणने एक वेगळा प्रयोगही केला होता, आणि तो आज फार थोड्यांना आठवतो. अक्षय प्रकाश योजना. गावाने एकत्र बसून ठरवायचं, की संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी शेतपंप, पिठाची गिरणी, हीटर, शेगडी चालवायची नाही. दिवे, पंखा, टीव्ही एवढंच. आकडे काढून टाकायचे. त्या बदल्यात त्या वेळी गावाला अंधारात ठेवणार नाहीत. नवीन तार नाही, नवीन यंत्र नाही, करार फक्त. एखाद्याने चोरून मोटर लावली तर सगळ्या फीडरवर परिणाम होणार, म्हणून राखण गावानेच करायची. राज्यात पुष्कळ गावं त्यात उतरली. पुढे गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे झाले आणि करार करून जे मिळत होतं ते तारा वेगळ्या करून मिळू लागलं. अभियंत्यांच्या दृष्टीने हे सुधारलेलं उत्तर. मला मात्र वाटतं, त्यात एक कमावलेली सवय हातची गेली. माणसांनी मिळून आपला भार सांभाळण्याचं जे शिक्षण चाललं होतं, ते तार वेगळी होताच थांबलं.

आता छपराकडे. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि पावसाळ्याआधी त्यावर पसरलेली पांढरी खारी. ही खारी पाणी अडवते एवढंच सगळे सांगतात. तिचा पांढुरका रंग ऊन परतवून लावतो, हे कुणी मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगावं लागत नव्हतं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरा आणि भिलांच्या घरांना बांबूच्या कुडाची भिंत, शेणामातीचा लेप आणि वर कौलं, हवा फिरती. मग लोखंडी पत्रा आला, स्लॅब आली. धाबं दरवर्षी निगा मागतं, उंदीर-घुशी त्यात बिळं करतात, पावसात गळतं; ते सोडणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते, आणि स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता नेमकी रात्री दहाला, डीपी भरलेली असताना, खाली सोडते.

यावर सरकारचं उत्तर म्हणजे इको-निवास संहिता. 2018 साली आलेली ही नियमावली घराच्या भिंती-छपरातून उष्णता किती आत यावी याची मर्यादा घालते. चांगली आहे. फक्त ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे. नंदुरबारच्या जुन्या भागात एवढ्या जागेत अख्खी गल्ली बसते. ज्या घरांचं छप्पर सगळ्यात जास्त तापतं, ती नियमावलीच्या बाहेर.

स्वस्त उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: छपराला चुना किंवा परावर्तक पांढरा रंग. उन्हात काळपट छप्पर साठ अंशांवर जाऊ शकतं, पांढरं त्याच्या वीस-एक अंश खाली राहतं, आणि खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. 2010च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 साली दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि तिथल्या वस्त्यांतून पांढरी छपरं हा त्याचाच एक भाग झाला. तेलंगणाने 2023 साली त्यासाठी धोरणच आणलं. एकट्याने छप्पर पांढरं केलं तर त्याची खोली गार होईल. ओळीने चाळीस घरांनी केलं, तर डीपीही निवांत राहील, आणि गल्लीत रात्री थोडी झुळूक जाणवेल.

नंदुरबारला उष्णता वापरायची कशी हे शिकवायची गरज नाही, याचा पुरावा शहराबाहेर पडलं की जमिनीवर पसरलेला दिसतो. मिरचीचा हंगाम आला, की बाजार समितीत येणारी ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात आणि मोकळ्या माळावर वाळवतात. या जागांना पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर लाल सतरंजी, जवळ गेलं की नाकाडोळ्यांतून पाणी. पथारीवर दिवसभर मिरची उलटणाऱ्या बायकांना ठसक्याची सवय झालेली असते, पाहुण्याला नसते.

या पथारीचा वीजहिशेब कुणी मांडत नाही. शंभर किलो ओल्या मिरचीत पाऊणशे किलो पाणी धरलं आणि वाळल्यावर दहा टक्के ओल उरली असं मानलं, तर जवळजवळ 72 किलो पाणी उडवावं लागतं. पाण्याच्या एका किलोची वाफ करायला 0.63 युनिट ऊर्जा लागते. म्हणजे क्विंटलमागे 45 युनिट, तेही यंत्रातली तूट न धरता. दहा क्विंटलमागे साडेचारशे. हंगामात माळावर पडणाऱ्या हजारो क्विंटलांचा गुणाकार वाचकाने स्वतः करावा. ही सगळी ऊर्जा बिलाशिवाय येते आणि म्हणून ती ऊर्जेच्या कुठल्याच अहवालात नसते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीने 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला, त्याचे फोटो छापून येतात. पथारीलाही सौर प्रकल्प म्हणायला हरकत नसावी. तिची अडचण एकच, अवकाळी पाऊस. डिसेंबरात एक सर आली की मिरची काळी पडते आणि लाखोंचं नुकसान होतं. इथे खर्च करण्यासारखा आहे: वरून पारदर्शक छत, खालून हवा खेळती, व्यापारी आणि शेतकरी मिळून वापरतील अशी शेड. वीज खाणारे ड्रायर बसवले, तर फुकटचं ऊन टाकून मीटर फिरवल्यासारखं होईल.

उष्णतेचं खरंखुरं जाळं पाहायचं असेल तर साखर कारखान्यात जावं. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी कारखाना, नवापूरजवळ डोकाऱ्याला आदिवासी सहकारी कारखाना. उसाच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बगॅस निघतं, निम्मं ओलं असलं तरी तेच बॉयलरमध्ये जातं. वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून दमून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटवायला जाते. एका आगीत दोन कामं. कोपनहेगन ज्याला जाळं म्हणतं, ते साखर कामगार रोज पाळीत चालवतो. शिर्डीच्या साई संस्थानने तर 2009 साली प्रसादालयावर 73 सौर तबकड्या बसवून उन्हाची वाफ केली आणि नळांतून थेट भाताच्या भांड्यांपर्यंत पोचवली. उष्णता साठवून, वळवून, वाटून वापरायचं ज्ञान महाराष्ट्रात आहे. ते कुंपणाच्या आत आहे, एवढंच.

पालिकांकडे वळलं की गाडी पैशांशी अडते. कुठल्याही नगरपालिकेच्या वीजबिलात पाणी उपसणं आणि पथदिवे हे दोन मोठे धनी. 2011च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजार होती. विरचक धरणाचं पाणी आणि शहरभरचे दिवे सांभाळून एवढ्या गावाच्या पालिकेकडे नवे पंप, नवे दिवे घ्यायला रक्कम उरणं अवघड. यावरचा मार्ग अकोल्याने फार आधी काढला होता. 2007च्या सुमारास अकोला महापालिकेने 11 हजार 500हून जास्त जुने पथदिवे बदलून टी-5 नळ्या लावल्या. भांडवल पालिकेचं नव्हतं, एशियन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचं होतं. वीजवापर 56 टक्क्यांनी उतरला, वर्षाला सुमारे 21 लाख युनिट. वाचलेल्या रकमेतले 95 टक्के सहा वर्षं कंपनीने घ्यायचे, असा करार. कंपनीचा खर्च वर्षाच्या आत निघाला. म्हणजे उरलेली पाच वर्षं निव्वळ नफा, आणि तिथे मला करार करणाऱ्यांच्या हिशेबीपणाची शंका येते. पण एक पैसा न घालता अंधार कमी झाला हेही खरं. पुढे केंद्राच्या ईईएसएलने 2015पासून एलईडी पथदिव्यांसाठी हीच रीत देशभर नेली: आधी आम्ही बसवतो, बचतीतून फेडा. पंपांना ती तितकीशी पोचली नाही. दिवा दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. पंपघरातला वीस वर्षांचा झिजलेला पंप कुणाला दिसत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका गावाने वीज मोजून वापरण्याचा जो धडा गिरवला, तो मात्र शहरांनी पाहायला हवा होता. धडगाव तालुक्यातलं बिलगाव, उदई नदीच्या धबधब्याजवळ. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडीतपट्ट्यात लढणाऱ्या या भागात तारा आल्याच नव्हत्या. डोमखेडीला 300 वॉटचा एक छोटा प्रयोग आधी झाला होता. मग केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अनिलकुमार आणि मधुसूदनन हे दोन अभियंते आले, गावाने श्रमदान केलं, बांध घातला, पाट खोदला, आणि 2003 साली 15 किलोवॅटचं जलविद्युत केंद्र चालू झालं. 15 किलोवॅट म्हणजे पुण्या-मुंबईच्या तीन मोठ्या फ्लॅटचा मंजूर भार. त्यात आश्रमशाळा आणि पाडे उजळायचे, तर कुणी किती दिवे लावायचे हे गावानेच ठरवावं लागतं. एकाने जास्त ओढलं की सगळ्यांचा दिवा मंदावतो, आणि तो कुणामुळे मंदावला हे सगळ्यांना कळतं. ‘स्वदेस’ सिनेमात वीज आणण्याचा जो प्रसंग आहे, त्याच्यामागे बिलगाव होतं. चित्रीकरण झालं ते वाईजवळ मेणवलीला. 2004 साली सिनेमा आला, आणि 2006 साली सरदार सरोवराची उंची 110.64 मीटरवरून 121.92 मीटरवर नेण्याची परवानगी मिळाली. त्या पावसाळ्यात फुगवट्याच्या पाण्याने बिलगावचं केंद्र बुडालं. हजार मेगावॅटहून मोठ्या धरणाने पंधरा किलोवॅटचं केंद्र गिळलं, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

बिलगावात जे साधलं, ते नंदुरबारच्या गल्लीत का साधत नाही, याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. गल्लीला आपला आकडा दिसत नाही. 2021पासूनच्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत फीडरवर आणि डीपीवरही मीटर बसवायचं ठरलं आहे. म्हणजे या डीपीतून किती गेली आणि तिच्यावरच्या घरांच्या मीटरांत किती उतरली, हे मोजता येतं. पण तो आकडा कंपनीच्या संगणकात जातो. लोकांपर्यंत येतं ते ज्याचं त्याचं बिल.

आणि गल्ली एकत्र येत नाही असं तर नंदुरबारमध्ये कुणी म्हणूच नये. दादा गणपती आणि बाबा गणपती यांची विसर्जनाच्या मिरवणुकीतली हरिहर भेट पाहायला अख्खं गाव रस्त्यावर असतं. वर्गणी कुणी किती दिली याची यादी मंडळाच्या फळ्यावर लागते, कुणी दिली नाही हेही तोंडातोंडी कळतं. त्याच फळ्याच्या एका कोपऱ्यात दर महिन्याला आपल्या डीपीचा आकडा लिहायला खडू तेवढा लागेल. मागच्या मेमध्ये इतकी गेली, या मेमध्ये इतकी. इतक्या छपरांना चुना झाला, इतके पंखे बदलले. महावितरणने तो आकडा द्यायचा की नाही, हे आधी ठरायला हवं. मागणी करायची तर मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज चालेल.